कुट्टीची पाटी

मी आफ्रिकान्स भाषेतल्या उपरोधिक कविता वाचतो, असं सांगितलं की आमच्या श्रीरामपूरकडची माणसं आधी माझ्याकडे आणि मग एकमेकांकडे बघतात. साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाचं कवितेशी काय काम, आणि त्यातून ही कुठली भाषा. पूर्वी मी हे हौसेनं सांगायचो. आता सांगत नाही. पण मागच्या वर्षी जे झालं ते त्या कवितांमुळे झालं, म्हणून लिहायचं तर सुरुवात तिकडूनच करावी लागेल.

चाळिशीच्या आसपास मी आठ वर्षं दक्षिण आफ्रिकेतल्या एका साखर कारखान्यात होतो. मोझांबिकच्या सरहद्दीजवळचा भाग. उसाचे मळे, मधून कालवे, दुपारी तोंडावर येणारी गरम हवा. पहिल्या दिवशी वाटलं, एवढं विमानानं येऊन आपण परत प्रवरेच्या कालव्यावरच उतरलो. राहायला मला एका गोऱ्या बाईंच्या घराची मागची खोली मिळाली. सत्तरी ओलांडलेल्या, नवरा गेलेला, शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेल्या. तिकडे वयानं मोठ्या बाईला 'टॅनी' म्हणतात, आपण मावशी म्हणतो तसं. मीही त्यांना टॅनी म्हणू लागलो.

टॅनींच्या डोळ्यांच्या मधोमध काळा डाग आला होता. भिंती, झाडं, माणसाचा बाहेरचा आकार दिसायचा. पुस्तक समोर धरलं की नेमकी अक्षरं गायब. एक दिवस त्यांनी विचारलं, मला वाचून दाखवशील का. मी म्हटलं, मला तुमची आफ्रिकान्स येत नाही. त्या म्हणाल्या, तुला कळायची गरज नाही, मला कळलं की झालं. तू फक्त अक्षरं वाच.

ती भाषा बरीचशी लिहिल्यासारखीच बोलतात. 'ग' तेवढा घशातून खरवडून काढावा लागतो. मी प्रयोगशाळेच्या जुन्या तक्त्यांच्या पाठीमागे उच्चार देवनागरीत लिहून काढले. पहिली पाळी संपवून तीन वाजता घरी यायचो, टॅनी व्हरांड्यात बसलेल्या असायच्या, आणि मी तासभर मोठ्यानं वाचायचो. वर्षभरात अर्थ लागायला लागला. तो कधी लागायला लागला ते मला सांगता येणार नाही.

अर्थ लागला तरी कविता कळत नव्हत्या. एका कवितेत देवाची स्तुती होती. त्यांच्या चर्चमध्ये म्हणतात त्या गीतांच्या चालीवर, चार-चार ओळींची. मी ती भक्तिभावानं वाचली, आवाज जरा खाली आणून. टॅनी इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मला म्हणाल्या, तू अगदी आमच्या पाद्र्यासारखा वाचतोस. मग थोड्या वेळानं त्यांनी जे सांगितलं ते मी पुढे कधी विसरलो नाही.

"कवितेत कोण बोलतंय ते आधी बघ. कवी बोलत नाहीये. ज्याची चामडी सोलायचीय त्यालाच कवीनं बोलायला उभं केलंय."

मग मी सगळं पुन्हा वाचलं. या भाषेची माणसं एका हातात बायबल आणि दुसऱ्या हातात कायदा घेऊन राज्य करत होती, त्या काळातल्या बऱ्याच कविता होत्या. त्यांच्यातल्याच काही कवींनी पाद्र्याचं प्रवचन, सरकारी पत्राची भाषा, शाळेतला धडा, आजारी माणसाच्या उशाशी म्हणायची प्रार्थना उचलली आणि चेहऱ्यावरची रेषसुद्धा न हलवता तसंच पुढे बोलत राहिले, बोलणाऱ्याला स्वतःचीच लाज वाटेपर्यंत. 'छोटंसं' असा अर्थ देणारा प्रत्यय त्या भाषेत पावलोपावली येतो. मोठा गुन्हा बोलायचा असला की कवी त्यालाही तो प्रत्यय लावतात. मग गुन्हा मांडीवर घेण्याएवढा होतो, आणि वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

दुसऱ्या प्रकारच्या कविता दक्षिण टोकाच्या केप भागातल्या सावळ्या लोकांच्या होत्या. ही भाषा घडवण्यात त्यांच्याच पूर्वजांचा हात होता. गुलाम आणि नोकर म्हणून मालकांच्या स्वयंपाकघरांत राबताना त्यांनी ती घडवली, आणि पुढे त्यांनाच सांगण्यात आलं की तुम्ही ती अशुद्ध बोलता. त्यांचे कवी गल्लीत बोलतात तशीच लिहीत. त्यांचा उपरोध वेगळा होता. गोरा कवी आपल्याच बापाची टोपी उडवायचा. हे कवी जेवण वाढणाऱ्या माणसासारखे बोलायचे. तो हो म्हणतो, पुढे काय वाढू विचारतो, आणि टेबलावर कोण काय बोललं ते सगळं लक्षात ठेवतो. त्या कवितांचं पुस्तक टॅनींच्या कपाटात अगदी वर होतं, पानं एकमेकांना चिकटलेली. मी विचारलं तर म्हणाल्या, डोळे होते तेव्हा मी हे वाचलं नाही.

मला पहिल्या प्रकारच्या कविता लवकर कळल्या. दुसऱ्या कळल्या असं मला वाटलं.

टॅनींचा भाऊ शेतकरी होता, बराच आधी वारलेला. त्यानंही कविता केल्या होत्या. छापलेल्या नाहीत, टंकलेखन केलेल्या चाळीसेक पानांची एक चळत बुटाच्या खोक्यात होती. एका दुपारी त्यातली एक मी वाचायला घेतली. रविवारची संध्याकाळ, शेतकरी देवाचे आभार मानतोय. जमीन दिलीस, पाऊस दिलास, आज्ञाधारक गडी दिलास. काल वादळ झालं, तुझी वीज जागा शोधत खाली आली, आणि माझ्या धान्याच्या कोठाराशेजारीच, देवा, गड्याची झोपडी होती. किती बारीक तुझी व्यवस्था.

तिथे मी थांबलो. टॅनींनी विचारलं, पान फाटलंय का. मी नाही म्हटलं. मग मी त्यांना एक गोष्ट सांगितली, जी तोपर्यंत कुणालाही सांगितली नव्हती. मोडक्यातोडक्या आफ्रिकान्समध्ये सांगितली. त्या भाषेत बटणाला जो रोजचा शब्द आहे त्यातच तो छोटेपणाचा प्रत्यय आहे, तेव्हा माझ्या तोंडून वाक्य निघालं ते असं: ते छोटंसं बटण मी दाबलं.

टॅनींनी मान बाहेरच्या झाडांकडे वळवली. मग म्हणाल्या, "छोटंसं. बरं. आणि हात?"

मग चहा टाक म्हणाल्या. मी टाकला.

ती गोष्ट अशी. आमची शेती कालव्याच्या पाण्यावरची, आणि वस्तीवर आमच्याकडे सालानं राहणारे एक ख्रिस्ती गडी होते. दर पाडव्याला नवं साल ठरायचं आणि दर पाडव्याला तेच राहायचे. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे होते, तरी वडील आणि मी, दोघंही त्यांना एकेरीत नावानं हाक मारायचो. ते वडिलांना थोरले मालक आणि मला धाकले मालक म्हणायचे. त्यांची बायको, मुलगी, सगळे गोठ्यामागच्या दोन खोल्यांत राहत.

मी बावीस-तेवीस वर्षांचा होतो. शिक्षण नुकतंच संपलेलं, नोकरी लागायची होती. गोठ्यात नवीन कडबाकुट्टी यंत्र बसवलं होतं, मोटारीवरचं. कडब्याची पेंढी तोंडाशी सरकवायची, आत पाती फिरतात, पलीकडे बारीक कुट्टी पडते. त्या दिवशी दुपारी वीज गेली होती. पेंढी मध्येच अडकली म्हणून गडी हात घालून ती मोकळी करत होते, खाली बसून. मी बाहेरून आलो, अंगणातला दिवा लागलेला दिसला, म्हणजे वीज आलेली. यंत्र बंद आहे एवढंच मी पाहिलं. भिंतीवरच्या स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं. मी त्यांना पाहिलं नव्हतं. हे खरं आहे, पण तिथे कुणी आहे का हे मी बघितलंही नव्हतं.

उजव्या हाताची दोन बोटं पूर्ण गेली, तिसरं अर्धं.

टेम्पोत घालून श्रीरामपूरला नेताना वडिलांनी मला विचारलं, झालं कसं. मी म्हणालो, अचानक लाईट आली आणि यंत्र सुरू झालं. गडी माझ्या समोर बसले होते, हाताला धोतर गुंडाळलेलं, तोंड पांढरं पडलेलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि वडिलांना म्हणाले, "व्हय मालक. लाईटच आली."

मी तेव्हापासून हे असं समजून चाललो की त्यांनी मला वाचवलं. निष्ठावान माणूस. घरात, भावकीत, पुढे बायकोजवळ मी त्यांची निष्ठा वर्णन करायचो, फक्त ती कशाबद्दल होती ते वगळून. वडील सांगायचे, हात गेला तरी मी गडी काढला नाही. ते पुढे वीसएक वर्षं आमच्याकडे राहिले. उरलेल्या बोटांनी धार काढायचे.

आणखी एक गोष्ट वडील कौतुकानं सांगायचे. गावातल्या चर्चमध्ये दरवर्षी हंगामाचा सण होतो. जो तो आपल्या घरचं काही आणतो. भोपळा, बाजरीची कणसं, पेरू, अंडी, कोंबडी. पाळकसाहेब एकेक वस्तू वर धरून विचारतात, कुणाच्या नावानं? देणारा नाव सांगतो, मग तिचा लिलाव होतो. अपघातानंतरच्या वर्षापासून आमचे गडी दर सणाला ताज्या कुट्टीची पाटी न्यायचे आणि नाव सांगायचे थोरल्या मालकांचं. वडिलांना कळलं तेव्हा ते स्वतः गेले. पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली. पाटी त्यांनी चढ्या बोलीनं घेतली आणि गड्याच्याच डोक्यावर देऊन घरी आणली. मग दरवर्षी जायचे. आमचीच कुट्टी, आमच्याच म्हशींपुढे परत. वडील म्हणायचे, धर्म कुठलाही असो, माणसानं खाल्ल्या मिठाची जाण ठेवावी, आमच्या गड्यासारखी.

मी परदेशातून आलो तोवर वडील गेले होते. गडी थकले होते, त्यांची मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली होती, तिनं गावात दोन खोल्यांचं घर बांधून त्यांना तिथे नेलं होतं. त्यांची बायको आधीच वारली होती. मी वर्षातून दोनदा भेटायला जायचो. बिस्किटांचा पुडा न्यायचो. ते कॉटवर उठून बसायचे, तीच ती अर्धी मूठ कपाळाला लावून सलाम करायचे आणि म्हणायचे, मालकांची कृपा. मी म्हणायचो, कसली कृपा. ते म्हणायचे, ही काय, आणि हात दाखवायचे. हात धडधाकट आहे, अजून चालतो, असं त्यांना म्हणायचं असावं, असं मी धरून चाललो होतो. आठ वर्षं कविता वाचून आलेला मी.

मी तिकडून निघताना टॅनींनी तो बुटाचा खोका मला दिला होता. कारखान्यातून निवृत्ती घेतल्यावर मी त्या कविता मराठीत करायला बसलो. विजेच्या कवितेशी अडलो. सरळ भाषेत ती नुसतीच माहिती वाटायची. त्यांच्या भजनाची चाल होती, म्हणून मी आपल्या अभंगाचं माप घेतलं. आणि एक बदल केला. मूळ कवितेत वीज होती. मी यंत्र केलं.

*दिली देवा भूमी । दिले देवा पाणी ।*
*गडी गुणी प्राणी । दिला मज ॥*

*यंत्राने मागता । बोटांचा तो घास ।*
*उभा माझ्या पास । गडी होता ॥*

*दाही बोटे माझी । जोडूनी मी आता ।*
*तुझ्या पायी माथा । ठेवीतसे ॥*

असं करत सात कडवी झाली. लिहून झाल्यावर मी कागद खणात ठेवला. बायकोला दाखवला नाही.

मागच्या उन्हाळ्यात गडी गेले. झोपेतच गेले. मातीला मी होतो. महिन्यानं त्यांच्या घरी स्मरणाची प्रार्थना ठेवली, तेव्हा त्यांच्या मुलीचा फोन आला. ती लहानपणापासून मला दादा म्हणते. म्हणाली, पाळकसाहेब बोलतील, चर्चच्या मंडळीतले दोघं बोलतील, तुम्हीही मालकांकडून दोन शब्द बोला.

मी ठरवलं की तिथे कविता वाचायची. माझा हिशेब साधा होता. बोलणारा मालक मीच आहे हे सगळ्यांना दिसेल. आपलीच चामडी सोलायला मी स्वतः उभा राहीन. लोक सुन्न होतील, कुणीतरी विचारेल, मग मी सांगेन. सरळ उभं राहून सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं आणि कवितेमुळे ते येईल असं वाटलं होतं.

अंगणात मांडव होता. साठ-सत्तर माणसं सतरंजीवर. मी एवढंच म्हणालो की ही परदेशातल्या एका शेतकऱ्याची प्रार्थना आहे, मी आपल्या भाषेत केली आहे. आणि वाचलं. पहिलं कडवं संपलं तसं मागून एक म्हातारा म्हणाला, आमेन. प्रार्थना म्हटली की तिथे आमेन येतंच. दुसऱ्या कडव्याला, त्या बोटांच्या, चार-पाच जण म्हणाले. शेवटच्याला सगळे. एकसुरात, माना खाली घालून. मी वर बघितलं तर एकही चेहरा मला दिसेना, नुसते पदर आणि टोप्या.

जेवताना पहिल्यांदा आमेन म्हणालेले म्हातारबुवा जवळ आले. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, लई ग्वाड लिवलंय. निघताना मुलीनं तो कागद मागून घेतला. वडिलांना ती आप्पा म्हणायची. म्हणाली, आप्पांच्या फोटोशेजारी लावते.

मोटारसायकलवरून परत येताना मला हायसं वाटलं. हे लिहायला हवं. लाज नंतर आली, आधी हायसंच वाटलं. कबुली दिल्यासारखंही झालं होतं आणि कुणाला कळलंही नव्हतं.

पंधरा दिवस मी जेवलो, झोपलो, ऊस बघायला गेलो. आत काही हलत नव्हतं. फक्त त्या घरात तो कागद फ्रेम होऊन भिंतीवर लागतोय हे मधूनच डोळ्यांपुढे यायचं. मालकाची प्रार्थना, गड्याच्या फोटोशेजारी. ती मुलगी रोज सकाळी ते वाचत असेल आणि हे आपल्या बापाचं कौतुक आहे असं समजत असेल. सोळाव्या दिवशी, रविवारी दुपारी, मी गेलो.

ती ओट्यावर वह्या तपासत बसली होती. मला आत बोलावलं. फ्रेम लागलेली होती. पाणी दिलं, चहाचं विचारलं. मी चहा नको म्हणालो आणि उभ्यानंच सांगितलं की ताई, त्या दिवशी लाईट आपोआप आली म्हणून यंत्र सुरू झालं, ते खोटं आहे. बटण मी दाबलं.

तिनं हातातल्या वहीत खूण घालून ती मिटली. "बसा दादा," म्हणाली.

मी बसलो.

"त्या मशीनला ऑटो न्हवता."

मला पटकन कळलं नाही. ती शाळेत समजावतात तसं बोलली.

"लाईट गेली की स्टार्टर पडतो. लाईट परत आली तरी बटन दाबल्याबिगर मोटर उठत न्हाई. ज्यांच्या पंपाला ऑटो बसवलेला असतो त्यांची उठती आपोआप. आपल्या कुट्टीला कुटं ऑटो हुता? हे सगळ्या गावाला ठावं हाय. आमच्या चौथीच्या पोरान्लाबी."

मी आयुष्यभर यंत्रांमध्ये राहिलो. मोटारी, स्टार्टर, पॅनेल, ट्रिप झालेली सर्किटं. एकदाही मला हे सुचलं नव्हतं. खोटं मी टेम्पोत एकदा बोललो आणि नंतर ते कधी तपासलंच नाही.

मी विचारलं, आप्पांना माहीत होतं?

"हात त्यांचा हुता की," ती म्हणाली. मग म्हणाली, "गावात सगळ्यान्ला माहीत हुतं. थोरल्या मालकान्लाबी असंल. इचारलं कुनी न्हाई."

मी म्हणालो, मग ते तेव्हा का म्हणाले, लाईटच आली म्हणून. मला वाटलं त्यांनी मला सांभाळून घेतलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शाळेत उशिरा कळणाऱ्या मुलाकडे बघतात तसं काहीसं होतं.

"आन् कुट्टीची पाटी? ती तुमच्या मिठाला जागून न्यायचे व्हय?" आणि तिनं सांगितलं. सणाच्या आदल्या दिवशी आप्पा त्या यंत्रावर मुद्दाम ताजी कुट्टी काढायचे. चर्चमध्ये पाळकसाहेबांनी कुणाच्या नावानं म्हटलं की हात वर करायचे, तोच उजवा, आणि सगळ्यांना दिसेल असा धरून म्हणायचे, थोरल्या मालकांच्या. सगळी मंडळी खाली बघायची. हसू फुटू नये म्हणून. मग माझे वडील बोली बोलायचे, आणि आणखी खाली बघावं लागायचं. "घरी आलो की आई म्हनायची, एक दिवस मालकान्ला कळंल आन् आपलं बिऱ्हाड हालंल. आप्पा म्हनायचे, न्हाई कळायचं. लई शिकल्यात ती."

भिंतीवरच्या फ्रेमकडे माझं लक्ष गेलं. मी विचारलं, मग परवा सगळे आमेन म्हणाले ते.

"ते काय कळलं न्हाई म्हनून म्हनलो का?" ती म्हणाली. "तुमी सरळ कुटं सांगितलं? तुमी गान्यात सांगितलं, आमी आमेनमदी."

बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला.  मला टॅनींच्या कपाटातलं वरचं पुस्तक आठवलं, चिकटलेल्या पानांचं. ती पानं मी हलक्या हातानं सोडवली होती, समासात उच्चार लिहिले होते, कुठे हसायचं हेही मला कळायला लागलं होतं.

मी माफी मागितली. तिनं सरळ सांगितलं की ती द्यायची तर आप्पांनी, आणि ते गेले. आपण द्यायची की नाही हे तिला माहीत नाही, आणि विचार करायची तिची इच्छाही नाही. मग तिनं पुढची वही ओढली. मी उठलो तेव्हा वर न बघता म्हणाली, "यंदा सनाला पाटी कोन आननार?"

मी दाराशी थांबलो.

"आप्पा न्हाईत. आनायची तर तुमीच आना."

"कुणाच्या नावानं?" मी विचारलं.

"ते तुमचं तुमी बघा."

दिवाळीनंतर सण आला. आदल्या दिवशी मी गोठ्यात गेलो. मोटार दोनदा बदलली आहे, पाती बदलली आहेत, यंत्र तेच. पेंढी लावली, बटण दाबलं, कुट्टी पडू लागली. बटण दाबताना काहीतरी होईल असं मला वाटलं होतं. काही झालं नाही. पाटी भरली आणि ओलं फडकं टाकून ठेवली.

चर्चमध्ये मी वडिलांच्या रांगेत बसलो नाही. मागे, भिंतीशी बसलो. उपदेश झाला, गीतं झाली, मग एकेक वस्तू निघू लागली. भोपळा, मग गूळ, मग पाय बांधलेली कोंबडी. त्या मुलीनं डोईवर पदर घेतला होता, बायकांच्या बाजूला दुसऱ्या ओळीत होती. नवे पाळकसाहेब तरुण आहेत, बाहेरगावचे. त्यांनी फडकं काढून पाटीत बघितलं, जरा थबकले आणि विचारलं, कुणाच्या नावानं?

मी उभा राहिलो. "माझ्या," म्हणालो. सगळ्यांना ऐकू गेलं असावं, पण तेवढ्यानं भागत नव्हतं. म्हणून पुढे म्हणालो, "त्या दिवशी लाईट आपोआप नव्हती आली. बटण मी दाबलं होतं."

कुणी आमेन म्हटलं नाही. कुणी खालीही बघितलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हातारबुवासुद्धा, आणि मला एकेक चेहरा नीट दिसत होता. पाळकसाहेबांना प्रसंग कळला नसावा, किंवा कळला असावा. त्यांनी बोली पुकारली. कुणी बोललं नाही. पुन्हा पुकारली. त्या सणाला न विकलेली वस्तू राहण्याची पद्धतच नाही, त्यामुळे तिसऱ्यांदा पुकारताना त्यांचा आवाज अडखळला.

बायकांच्या बाजूनं ती म्हणाली, "माझ्या शेळीला लागती." आणि अगदी कमीत कमी बोली बोलली. कुणी चढवली नाही.

सण संपल्यावर ती पाटीपाशी येऊन उभी राहिली. तिनं पाटी उचलली नाही, मला उचल असंही म्हणाली नाही. चपला घालून चालू लागली. मी पाटी उचलून डोक्यावर घेतली आणि तिच्या मागून निघालो. वेशीजवळच्या चर्चपासून तिच्या घरापर्यंत अर्धा किलोमीटर असेल. ओळखीची माणसं भेटत होती. कुणी मला राम राम केला, कुणी तिला सलाम. कुट्टीचा भुसा मानेवर पडून खाजत होतं. वडील पुढे आणि आप्पा मागे, असे ते दोघं किती वर्षं या रस्त्यानं उलट दिशेला गेले असतील ते मी मोजायला लागलो होतो, मग सोडून दिलं.

तिच्या दारात शेळी बांधलेली होती. मी पाटी खाली ठेवली. शेळीनं वास घेतला आणि खायला लागली. ती पायरीवर बसून तिच्याकडे बघत राहिली. मला बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. बऱ्याच वेळानं तिनं उरलेली कुट्टी गव्हाणीत ओतली, पाटी दोनदा दगडावर झटकली आणि माझ्या हातात दिली.

मी ती घेऊन घरी आलो.